वाचनवहीची कैफियत

(चौथी ते सातवीच्या मुलांनी उन्हाळी सुट्टीत लिहिलेल्या वाचननोंदींच्या संग्रहाची प्रस्तावना)

पेशवे दप्तरातील कागद ज्याप्रमाणे रुमालांत बांधून ठेवलेले असतात, त्याप्रमाणे जाड तांबड्या कापडात बांधलेला आणि वर सुतळीची दुहेरी गाठ मारलेला एक गठ्ठा गेल्या श्रावणात आमच्या गावच्या सार्वजनिक वाचनालयाच्या ग्रंथपालांनी माझ्या ओट्यावर आणून ठेवला, आणि ‘एवढे एकदा नजरेखालून घाला, गुरुजी,’ इतकेच बोलून, पुढ्यातला चहा अर्धा टाकून ते निघून गेले. गठ्ठ्यात तीन उन्हाळी सुट्ट्यांत चौथी ते सातवीच्या मुलामुलींनी लिहिलेल्या चाळीसेक वह्या होत्या. आठ दिवसांत त्या चाळून परत कराव्यात असा माझा हिशेब होता. प्रत्यक्षात दिवाळी उलटली तरी त्या माझ्याकडेच राहिल्या, कारण पस्तीस वर्षे उत्तरपत्रिका तपासून ज्या नजरेला चुका हेरण्याची सवय जडली होती तिला या वह्यांत हेरण्यासारखे काही वेगळेच आढळू लागले, आणि ते काय आहे याचा उलगडा होईपर्यंत वह्या हातावेगळ्या करवेनात. त्यांतून निवडलेल्या पानांचा हा संग्रह आहे. प्रस्तावना वगळून थेट मुलांच्या पानांकडे जाण्याची ज्यांना घाई असेल त्यांनी तसे खुशाल करावे. दानिएल पेनाक या फ्रेंच शिक्षक-लेखकाने १९९२ साली वाचकाच्या दहा हक्कांची जी सनद प्रसिद्ध केली, तिच्यात पाने वगळण्याचा हक्क दुसऱ्याच क्रमांकावर आहे.

आमचे गाव खानदेशातले. १ मे रोजी महाराष्ट्रदिनाचे झेंडावंदन आटोपून प्रगतिपत्रक हाती पडले की जूनच्या मध्यापर्यंत मुलांवर कोणाचीही मालकी उरत नाही, आणि सकाळी दहा वाजल्यापासून सायंकाळी पाच वाजेपर्यंत उन्हाची झळ अशी काही चढते की ओसरी, माळ्याखालची खोली आणि देवळाचा सभामंडप सोडून अन्यत्र पोरांना थाराही नसतो. आखाजीच्या झोक्यांचे आणि गौराईच्या गाण्यांचे चार दिवस सरले, की घरोघरी धाब्यांवर बिबड्यांची, पापडांची आणि कुरडयांची वाळवणे पसरली जातात, आणि कावळे-चिमण्या हाकलण्याची चाकरी, अनादिकालापासून चालत आलेल्या शिरस्त्याप्रमाणे, घरातल्या दहा-बारा वर्षांच्या मुलाकडे येते. डोक्यावर ओले फडके, एका हातात काठी आणि दुसऱ्या हातात पुस्तक, हे ध्यान या गावात गेल्या तीन वर्षांत फार दिसू लागले. त्याचे श्रेय ग्रंथपालांचे. १९६७ च्या सार्वजनिक ग्रंथालय अधिनियमान्वये अनुदान घेणारे आमचे ‘ब’ वर्गाचे वाचनालय. त्यातला बालविभाग म्हणजे काचेच्या दोन कपाटांत कुलूपबंद करून ठेवलेली पुस्तके, आणि त्या कुलपांच्या किल्ल्या टेबलाच्या ज्या खणात असत तो खण वरचेवर अडकून बसे. ग्रंथपालांनी एका एप्रिलमध्ये ती कुलपेच काढून टाकली, मुलांकडून अनामत घेणे बंद केले, आणि पुस्तकाबरोबर प्रत्येकाला शंभर पानी कोरी वही दिली. वहीच्या पहिल्या पानावर त्यांनी स्वतःच्या हस्ताक्षरात एवढेच लिहिले होते, की पुस्तकाचे नाव आणि तारीख लिहावी, बाकी मर्जी.

‘बाकी मर्जी’ या दोन शब्दांनी मला अपराधी वाटले हे येथे नमूद केले पाहिजे. मी शाळेत असताना मुलांना सुट्टीतल्या वाचनासाठी एक छापील तक्ता देत असे. पुस्तकाचे नाव, लेखक, प्रकाशक, पृष्ठसंख्या, मुख्य पात्रे, थोडक्यात कथानक आणि मिळालेला बोध, असे त्यात सात रकाने होते. तक्ते जूनमध्ये परत येत, त्यांची खतावणी होई, आणि वर्गाच्या भिंतीवर ती लागली म्हणजे मला आपले कर्तव्य बेबाक झाल्याचे समाधान वाटे. एके वर्षी सहावीतल्या बारा मुलांच्या तक्त्यांत ‘थोडक्यात कथानक’ या रकान्यात शब्दशः एकच मजकूर आला, आणि चौकशीअंती निष्पन्न झाले की तो पुस्तकाच्या मलपृष्ठावरून उतरवलेला होता. बाराही जणांना मी उभे केले आणि खरडपट्टी काढली. आता विचार करता वाटते, की त्या मुलांनी माझ्या मागणीचा अचूक अर्थ लावला होता: मला वाचन नको होते, वाचनाची पावती हवी होती, आणि पावती कोणाच्या हातची आहे याला वसुली कारकुनाच्या लेखी काय महत्त्व?

हे खूळ माझ्या एकट्याचे असते तर त्याची एवढी कथा सांगितली नसती. मराठीतल्या मुद्रित बालवाङ्मयाचा उगमच मुळी या सातव्या रकान्यापाशी आहे. सदाशिव काशीनाथ छत्रे यांनी १८२८ साली इसापच्या कथा मराठीत आणल्या, आणि प्रत्येक कथेच्या शेवटी ‘तात्पर्य’ ही एक स्वतंत्र जागा राखून ठेवण्याची जी चाल तेव्हापासून पडली, ती पुढे क्रमिक पुस्तकांतून, मासिकांतून आणि आजीच्या गोष्टींतूनही इतकी मुरली, की गोष्ट संपल्यावर ‘मग यातून काय शिकलास?’ हा प्रश्न आला नाही तर मराठी मुलाला गोष्ट अपुरी वाटावी. योगायोग असा, की महाराष्ट्रातले एक आद्य ग्रंथालय रत्नागिरीस स्थापन झाले तेही १८२८ सालीच. पण पुस्तकाचे कपाट आणि मुलाचा हात यांच्यामधले अंतर तुटण्यास आणखी फार मोठा काळ लागावयाचा होता. त्या काळच्या भाषांतरकारांना मी दोष देत नाही. ज्या समाजात छापील पुस्तक ही वस्तूच नवी होती, तेथे तिने आपल्या उपयुक्ततेचा जामीन देणे प्राप्तच होते, आणि तात्पर्य हा तो जामीन. प्रश्न एवढाच, की दोनशे वर्षे होत आली तरी आपण तो जामीन मुलांकडूनच का मागतो.

वह्यांतले एक पान मी प्रथम वाचले तेव्हा मला उठून येरझाऱ्या घालाव्या लागल्या. त्या पानाविषयी सविस्तर लिहितो. ‘श्यामची आई’मधली अळणी भाजीची गोष्ट वाचकांना स्मरत असेलच. वडील जेवावयास बसतात, भाजीत मीठ घालावयाचे राहून गेलेले असते, ते चकार शब्द न काढता उलट गोडीने जेवतात, त्यांच्या पंगतीतली मुलेही काही बोलत नाहीत, आणि शेवटी आई जेवावयास बसते तेव्हा पहिल्या घासाला तिला आपली चूक कळते. या गोष्टीवर मी आयुष्यात किती वेळा प्रश्न काढला असेन त्याची गणती नाही, आणि प्रत्येक वेळी अपेक्षित उत्तर एकच: वडिलांनी आईच्या श्रमांचा मान राखला, दुसऱ्याचे मन दुखवू नये. उत्तर चुकीचे नाही. पाचवीतल्या एका मुलीने मात्र आपल्या वहीत या गोष्टीविषयी अडीच ओळी लिहिल्या आहेत, आणि त्यांचा आशय असा, की आई जर सर्वांबरोबर जेवावयास बसली असती तर तिला पहिल्याच घासाला कळले असते, आणि मग कोणालाच गप्प राहावे लागले नसते. आमच्याकडेही माय शेवटीच जेवते. बस्स. त्यापुढे तिने ताट काढले आहे, आणि ताटात भाजीच्या जागी एक रिकामे वर्तुळ.

मी ती गोष्ट पन्नास वर्षे वाचीत आलो, आणि पंगतीच्या क्रमाकडे माझे लक्ष गेले नव्हते. ते जाण्यास अकरा वर्षांची, बहुधा आईबरोबर शेवटच्या पंगतीला बसणारी, पोळ्या वाढता वाढता पुस्तकातली माणसे न्याहाळणारी एक मुलगी यावी लागली. माझ्या तक्त्यातल्या सात रकान्यांपैकी एकाही रकान्यात तिच्या या अडीच ओळी बसल्या नसत्या. ‘मिळालेला बोध’ या सदरात तिने त्या लिहिल्या असत्या तर मी तांबड्या शाईने ‘विषयांतर’ असा शेरा मारला असता, याबद्दल मला तिळमात्र संदेह नाही. साने गुरुजींचा तिने अवमान केला असे कोणी म्हणेल तर त्याने ते पुस्तक पुन्हा उघडून पाहावे. १९३३ साली नाशिकच्या तुरुंगात लिहिलेल्या त्या पुस्तकाची रचनाच मुळी सांगणारा आणि ऐकणारे अशी आहे: रात्रीच्या प्रार्थनेनंतर श्याम बोलतो, आश्रमातले सोबती ऐकतात, आणि आठवणींच्या मागेपुढे ते आपसांत बोलतात, विचारतात, किंवा मुकाट्याने उठून जातात. ऐकणाऱ्यांचा प्रतिसाद ज्या पुस्तकाच्या पोटातच आहे त्याला शेवटच्या पंगतीतून आणखी एक आवाज मिळाला तर ते पुस्तक वाढलेच म्हणावयाचे.

साने गुरुजींचा उल्लेख आला आहे तर आमच्या मुलखाशी असलेल्या त्यांच्या नात्याविषयी दोन शब्द लिहिले पाहिजेत. १९२४ पासून सुमारे सहा वर्षे ते अमळनेरच्या प्रताप हायस्कुलात शिक्षक होते, आणि तेथल्या वसतिगृहातील मुलांसाठी ते ‘छात्रालय दैनिक’ नावाचे हस्तलिखित नियतकालिक स्वतःच्या हाताने लिहून काढीत. मुले झोपली की गुरुजी लिहावयास बसत आणि सकाळी तो अंक मुलांच्या वाचनात येई. आम्हां शिक्षकांना हा वृत्तान्त कौतुकाने सांगण्याची सवय आहे. पण त्यातली खरी मेख अशी, की तेथे शिक्षक लिहीत होता आणि विद्यार्थी वाचीत होते, म्हणजे परीक्षेच्या नेहमीच्या व्यवहाराचा ओघच उलटलेला होता. ग्रंथपालांनीही तसेच काहीसे केले. पहिल्या उन्हाळ्यात त्यांनी आपली स्वतःची वाचनवही टेबलावर उघडी ठेवली होती, आणि तीत बाबूराव अर्नाळकरांच्या एका झुंजारकथेविषयी निःसंकोच लिहिले होते, की खुनी कोण ते तिसऱ्या प्रकरणातच कळले, तरीही रात्री दोनपर्यंत जागलो. हे वाचून मुलांची भीड चेपली.

आता थोडे शास्त्राकडे वळतो, पण बेताने. पाश्चात्य देशांत या विषयाचा विचार झाला आहे, आणि त्यातला काही फार उपयोगी पडणारा आहे. लुईझ रोझेनब्लॅट या अमेरिकन विदुषीने १९३८ साली असे प्रतिपादन केले, की साहित्यकृती कागदावर सिद्ध होऊन बसलेली नसते, वाचक आणि मजकूर यांच्या भेटीत ती दर वेळी घडते. आणि पुढे १९७८ साली तिने वाचनाच्या दोन वृत्तींमधला भेद स्पष्ट केला. मुलाने विषारी औषध प्यायल्यावर बाटलीवरचा मजकूर घाईघाईने वाचणारी आई उताऱ्यापुरतीच वाचते, शब्दांच्या नादाकडे किंवा स्वतःच्या मनात काय उमटते याकडे पाहण्यास तिला सवड नसते. कविता वाचणारा मनुष्य मात्र वाचता वाचता जे होते त्यातच राहतो. दोन्ही वृत्ती आवश्यक आहेत. माझा तक्ता मुलांना गोष्टीचे पुस्तक बाटलीवरच्या चिठ्ठीसारखे वाचावयास लावीत होता, हे मला या विवेचनामुळे नेमक्या शब्दांत कळले. आपल्याकडच्या काव्यशास्त्राला हे नवे वाटणार नाही. ‘सहृदय’ ही संज्ञा ज्यांनी घडवली त्यांनी रसाची सिद्धी वाचकाच्या हृदयातच मानली होती. सहृदयाचे वय किती असावे याविषयी मात्र आचार्य गप्प आहेत, आणि आम्ही त्या मौनाचा अर्थ आमच्या सोयीने लावून दहा वर्षांच्या सहृदयाला परीक्षार्थी करून टाकले.

एडन चेंबर्स हा इंग्रज लेखक अधिक व्यवहारी. मुलांशी पुस्तकाविषयी कसे बोलावे यावर त्याने १९९३ मध्ये एक पुस्तक लिहिले, आणि त्यात चार साध्या पृच्छा सुचविल्या: काय आवडले, काय नावडले, काय कोड्यात टाकणारे वाटले, आणि काय पुन्हा पुन्हा येते किंवा एकमेकांशी जुळते असे दिसले. ‘का?’ हा प्रश्न त्याने कटाक्षाने टाळला आहे, कारण मोठ्या माणसाच्या तोंडून ‘का आवडले?’ असा सवाल आला की मुलाला तो उलटतपासणीसारखा वाटतो आणि ते जबानी देऊ लागते. त्याऐवजी नुसते ‘सांग बरे’ म्हणावे. मराठीत तर याची सोय आधीपासून आहे. आपल्या आज्या गोष्ट ऐकताना ‘मग?’ म्हणून जो हुंकार देत, त्याने आमच्या कितीतरी छापील प्रश्नांपेक्षा अधिक गोष्टी बोलत्या केल्या आहेत. वह्यांवरून माझा अनुभव असा, की चारांपैकी ‘कोडे’ हा प्रकार मुलांना सर्वांत अधिक मानवतो. आवडले-नावडले यांत त्यांना समोरच्याचा अंदाज घ्यावासा वाटतो. न कळलेले मात्र ती बेधडक लिहितात, बशर्ते की न कळण्याबद्दल कोणी गुण कापणार नाही.

सुट्टीतल्या वाचनाविषयी अमेरिकेत दुसऱ्याच कारणाने पुष्कळ खल झाला. अटलांटा शहरातल्या सहावी-सातवीच्या मुलांचा अभ्यास करून बार्बरा हेन्स यांनी १९७८ साली दाखवून दिले, की श्रीमंत आणि गरीब मुलांच्या शिक्षणातली दरी शाळा चालू असताना फारशी रुंदावत नाही, ती उन्हाळ्यात रुंदावते, आणि सुट्टीत वाचलेल्या पुस्तकांच्या संख्येचा तिच्याशी संबंध आहे. पुढे फ्लोरिडात ॲलिंग्टन आणि मॅकगिल-फ्रान्झेन यांनी गरीब वस्त्यांतल्या मुलांना सलग तीन उन्हाळे दर वर्षी बारा पुस्तके कायमची दिली, आणि २०१० साली प्रसिद्ध केलेल्या निष्कर्षांत या मुलांचे वाचन इतरांच्या मानाने सरस ठरल्याचे नमूद केले. अलीकडे या घसरणीच्या मोजमापांवरच काही संशोधकांनी शंका घेतली आहे. तो वाद त्यांचा त्यांनी मिटवावा. मला त्या प्रयोगातला एकच तपशील महत्त्वाचा वाटतो: पुस्तके मुलांनी स्वतः निवडलेली होती, आणि त्या निवडीत गायक-नटांच्या चरित्रांना चांगलीच मागणी होती. सुट्टीला फुटका माठ समजून त्यातून ज्ञान किती गळते ते मोजीत बसणे मला पटत नाही. उन्हाळ्याची थोरवी अशी, की त्या दीड महिन्यात मुलाच्या हातातले पुस्तक कोणत्याही घटकचाचणीच्या वाटेवर नसते. जे वाचावयाचे ते त्याच्या खाजगीत मोडते, आणि खाजगीतल्या वस्तूविषयीच माणूस मनापासून बोलतो.

या वयाची निवड का केली, असेही मला कोणी विचारले. चौथीच्या आतले मूल अजून अक्षरांशी झटत असते, आणि आठवीनंतरचे मूल आपण काय वाचतो हे लपवू लागते. मधली तीन-चार वर्षे अशी असतात, की डोळे ओळीवरून सरसर धावू लागलेले असतात आणि लाज अजून आलेली नसते. या वयाचे मूल एकच लेखक धरून बसते, मालिकेतली सगळी पुस्तके क्रमाने मागते, लेखकाच्या चुका काढते, आणि अन्याय झाला की पानावर पेन्सिलीने निषेध नोंदवते. गिजुभाई बधेका यांच्या ‘दिवास्वप्न’मधला शिक्षक आपल्या प्रयोगासाठी चौथीचाच वर्ग घेतो आणि आरंभी पाठ्यपुस्तक बाजूला सारून गोष्टींनीच सुरुवात करतो, ते उगीच नव्हे.

भा. रा. भागवतांच्या फास्टर फेणेवर आमच्या वह्यांत चौदा नोंदी आहेत. सहावीतल्या एका मुलाने, जो कधी जळगावच्याही पुढे गेलेला नाही, फुरसुंगीपासून पुण्यापर्यंतचा नकाशा काढला आहे, आणि वाटेत आमच्या गावची पाण्याची टाकी, निंबाचे झाड आणि केळीचा मळा दाखवला आहे; भूगोलाच्या दृष्टीने हा नकाशा सर्वस्वी बाद, आणि वाचनाच्या दृष्टीने मला तो या संग्रहातला एक अत्यंत विश्वसनीय दस्तऐवज वाटतो, कारण पुस्तक मुलाच्या मनात कोठे उतरले त्याचा तो अक्षरशः नकाशा आहे. त्याच श्यामच्या आईतले पोहण्याचे प्रकरण वाचून, ज्यात विहिरीच्या भीतीने लपलेल्या श्यामला आई फोक मारून बाहेर काढते, एका मुलाने फक्त इतके लिहिले, की आमच्या विहिरीला कठडा नाही. ताम्हनकरांच्या गोट्याला कोणी पत्र लिहिले आहे आणि उत्तरासाठी आपला पिनकोडही दिला आहे. ‘किशोर’ मासिकाचे, जे पाठ्यपुस्तक मंडळाने १९७१ साली सुरू केले, जुने अंक काहींनी वडिलांच्या मोबाईलवर वाचले, आणि कोड्यांची उत्तरे पुढच्या अंकात पाहण्यासाठी पन्नास वर्षे थांबावे लागले नाही याचा आनंद एकाने व्यक्त केला आहे. विंदा करंदीकरांच्या ‘एटू लोकांचा देश’वर एका मुलीने लिहिलेले पान कोणालाच समजले नाही; तिला विचारले तर म्हणाली, ती एटूंची भाषा आहे.

भाषेवरून आठवले. वह्यांतल्या चौथ्या हिश्श्याच्या नोंदी प्रमाण मराठीत नाहीत. पहिल्या सुट्टीत काही मुलांनी एक-दोन कोरड्या ओळी लिहून वह्या मिटवल्या होत्या. त्यांपैकी एकाला ग्रंथपालांनी घरी बोलतोस तसे लिही म्हणून सांगितले, तेव्हा ‘मन्ही माय’ या शब्दांनी सुरू होणारी साडेतीन पानांची नोंद आली. ती त्याने वाचनालयात बसून सर्वांना वाचून दाखवली, आणि त्यानंतर अहिराणीचा ओघ सुरू झाला. असोद्याच्या माहेरवाशीण बहिणाबाई चौधरी यांना लिहिता-वाचता येत नव्हते. त्यांची गाणी घरच्या माणसांनी कागदावर टिपून ठेवली म्हणून १९५२ साली त्यांचा संग्रह निघू शकला. जात्यावर बसून त्यांनी जगाला जो प्रतिसाद दिला तो कोणी शुद्ध करून टिपला असता, तर आज आपल्या हाती काय उरले असते याची कल्पनाही करवत नाही. म्हणून या संग्रहात शुद्धलेखनास हात लावलेला नाही. मुद्रितशोधकांनी दोनदा आक्षेप घेतला. दोन्ही वेळा त्यांचा अर्ज नामंजूर झाला.

काही वह्यांत फार थोडे आहे, आणि त्यांची सबबही दिली पाहिजे. ऊसतोडीला जाणाऱ्या घरांतली मुले दसरा-दिवाळीच्या सुमारास गाव सोडतात आणि कारखान्यांचा हंगाम संपला की चैत्र-वैशाखात परततात. ज्याला आपण सुट्टी म्हणतो तोच त्यांचा गावी राहण्याचा काळ. त्यांना वाचता येते, पण हळू. अशा तीन मुलांना मिळून एक वही दिली होती. एक वाचे, दुसरी ऐके, तिसरा चित्र काढी, आणि त्या वहीत शब्द जवळजवळ नाहीतच. मुलींच्या वह्यांत लग्नसराईचे आठवडे कोरे जातात. मुलांच्या वह्यांत ते आठवडे कोरे नाहीत. याहून अधिक भाष्य मी करीत नाही.

पालक आणि शिक्षक या संग्रहाचा उपयोग कसा करतील याची मला थोडी धास्ती आहे. यातली पाने नमुना म्हणून मुलांपुढे ठेवून ‘असे लिहा’ असे सांगितले, तर पुढच्या उन्हाळ्यात प्रत्येक गावात अळणी भाजीवर पंगतीचा प्रश्न काढणाऱ्या पन्नास वह्या तयार होतील, आणि माझा तक्ता आठव्या रकान्यासह परत अवतरेल. अर्धवट टाकलेल्या पुस्तकांच्या नोंदी आम्ही मुद्दाम घेतल्या आहेत. एका मुलाने एका नामवंत ऐतिहासिक कादंबरीविषयी सतराव्या पानावर, सर्व जण नुसते चर्चा करीत आहेत, असे लिहून पुस्तक मिटले, आणि त्याचे म्हणणे अमान्य करणे मला तरी कठीण गेले. काही पानांवर फक्त शीर्षक आणि तारीख आहे. तीही छापली आहेत. पेनाकच्या सनदेतला दहावा हक्क गप्प राहण्याचा आहे, आणि वाचनालयाच्या पत्र्याखाली, पंख्याच्या घरघरीत, पुस्तक मिटून समोरच्या भिंतीकडे पाहत बसलेल्या मुलाला ‘काय वाटले?’ म्हणून विचारण्याचा मोह मी स्वतः किती कष्टाने आवरला आहे ते माझे मला ठाऊक.

मुलांची नावे त्यांच्या व पालकांच्या इच्छेनुसार दिलेली नाहीत; इयत्ता आणि उन्हाळा तेवढा दिला आहे. निवड करताना ग्रंथपालांचे आणि माझे सर्वांत मोठे भांडण झाले ते शेवटच्या वहीवरून. पाचवीतल्या एका मुलाची ती वही; तीत अकरा पुस्तकांची नुसती नावे आणि तारखा आहेत, शब्दाचीही भर नाही, आणि बाराव्या नावापुढे एकच ओळ आहे: हे परत द्यायचे नाही. माझे मत, ती छापू नये, उगीच वाचनालयाच्या शिस्तीचा प्रश्न उपस्थित होईल. ग्रंथपालांचे मत, तेवढीच छापली तरी चालेल. अखेर ती घेतली. देवघेवीच्या नोंदवहीत ते पुस्तक अद्याप येणे दिसते. मुदत केव्हाच टळली आहे, मुलगा आता सातवीत गेला आहे, दर शनिवारी नवे पुस्तक नेण्यास वाचनालयात येतो, आणि ग्रंथपालांनी त्याला एकदाही तगादा लावलेला नाही.